भीमेकाठचा भोपळा आणि न्यूयॉर्कचा षड्ज

मंगळवेढ्याचे नाव निघाले की दामाजीपंतांचे कोठार आठवते, चोखोबा आणि कान्होपात्रा आठवतात, आणि खाण्याची आवड असलेल्या सोलापूरकराला तिथली मालदांडी ज्वारी आठवते. पण या शिवारात आणखी एक पीक निघते आणि ते कोणी खात नाही. ते पीक म्हणजे कडू भोपळा. वेलावर पुरता जून होऊ दिलेला आणि मग वाळवून टणक केलेला हा भोपळा मिरजेला जातो. तिथे त्याला दांडी, तबली, घोडी, खुंट्या आणि चार तारा मिळाल्या की त्याचा तंबोरा होतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वेळच्या बातम्यांतही लाकूड कर्नाटकातल्या जंगलांतले आणि भोपळा मंगळवेढ्याकडचा, असा उल्लेख होता. म्हणजे महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर जिथे जिथे मिरजेचा तंबोरा वाजतो, तिथे तिथे आपल्या भीमाकाठचा थोडासा घुमार असतोच.

तंबोऱ्याची ओळख आपल्याला लहानपणापासून असते आणि म्हणूनच त्याच्याकडे आपले लक्ष नसते. गवई गातो, तबलजी साथ करतो, पेटीवाला बोटे चालवतो. त्यांच्या मागे कोणी तरी शिष्य मान खाली घालून चार तारा एकामागून एक छेडीत असतो. मैफल संपल्यावर गाण्याची चर्चा होते, तबल्याची होते. तंबोरा कसा लागला होता, हे फक्त जाणते बोलतात. ज्या वाद्यावर काहीच वाजवायचे नसते, ते वाद्य म्हणून कोणी मोजीत नाही.

अशा या वाद्याकडे पाश्चात्त्य जगातल्या एका माणसाने संगीताचे सारसर्वस्व म्हणून पाहिले. त्याचे नाव ला मॉन्ट यंग. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जे ‘अल्पतमवादी’ संगीत जन्माला आले, म्हणजे कमीत कमी स्वर आणि जास्तीत जास्त अवधान मागणारे संगीत, त्याचा हा आद्यपुरुष समजला जातो. विजेच्या यंत्रातून काढलेल्या नादाने खोल्याच्या खोल्या वर्षानुवर्षे भरून ठेवण्याचा उद्योग त्याने आरंभिला. आणि हाच माणूस सव्वीस वर्षे किराणा घराण्याच्या एका गवयाचा गंडाबंद शिष्य म्हणून राहिला. त्याच्या कारकिर्दीची हकीकत आपल्या दृष्टीने परक्याची नाही. आपल्याच घरातली एक वस्तू दुसऱ्याच्या घरात कशी दिसली, याची ती हकीकत आहे.

* * *

यंगचा जन्म १४ ऑक्टोबर १९३५ चा, अमेरिकेच्या आयडाहो प्रांतातल्या बर्न नावाच्या अगदी लहान वस्तीत. घर लाकडी ओंडक्यांचे. हिवाळ्यात ओंडक्यांच्या फटींतून वारा शिरे आणि तासन् तास एकाच सुरात घुमत राही. हा वारा आपल्या आयुष्यातल्या पहिल्या आठवणींपैकी एक, असे तो पुढे सांगत असे. त्या भागातल्या टेलिफोनच्या खांबांचा नादही त्याच्या मनात असाच भरून राहिला. आपल्याकडेही माळरानावरच्या तारेच्या खांबाला कान लावून गुणगुण ऐकण्याचा खेळ पोरे खेळत आली आहेत. फरक इतकाच की, आपण मोठे झालो म्हणजे तो खेळ विसरतो. यंग विसरला नाही.

पुढे कुटुंब लॉस एंजलिसला आले. पोरगा सॅक्सोफोन वाजवण्यात तरबेज झाला. महाविद्यालयाच्या वाद्यवृंदात जागा मिळवण्याच्या चढाओढीत त्याने एरिक डॉल्फीला मागे टाकले. हा डॉल्फी पुढे जॅझमधला जगविख्यात वादक झाला, तेव्हा यंगच्या हाताची कल्पना यावी. जलद ताना घेणारा असा वादक एके दिवशी एकाच स्वरावर येऊन बसतो, तेव्हा ते त्याच्या हाताला काही येत नाही म्हणून नव्हे.

याच सुमारास त्याच्या कानी आपले संगीत पडले. १९५५ साली उस्ताद अलि अकबर खाँ अमेरिकेस गेले. त्यांच्या सरोदाची एक लांब ध्वनिमुद्रिका तिथे निघाली. तबल्यावर चतुरलाल होते आणि प्रारंभी यहुदी मेन्युहिन या थोर व्हायोलिनवादकाने श्रोत्यांना चार शब्दांत ओळख करून दिली होती. हजारो अमेरिकनांनी ती तबकडी सरोदासाठी ऐकली. यंगने ती तंबोऱ्यासाठी ऐकली. सरोद येतो, बोलतो, थांबतो. पण मागचा नाद थांबत नाही, ही गोष्ट त्याला विलक्षण वाटली. पाश्चात्त्य संगीतात स्वर पुढे चालतात, एका संगतीतून दुसरीत जातात. इथे एक स्वर कुठेही न जाता उभा होता, आणि बाकीचे सारे त्याच्या आधाराने फिरत होते.

१९५८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आतबाहेर, त्याने तीन तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहिली. तीत जवळजवळ काहीच घडत नाही. पहिले तीनच स्वर एकामागोमाग यायचे, एकत्र थांबायचे आणि विरायचे. एवढ्याला पाचेक मिनिटे लागतात. बर्कलेच्या विद्यापीठातल्या त्याच्या शिक्षकांनी ती आपल्या घरी मुद्दाम वाजवून घेतली, ती अशा हेतूने की प्रत्यक्ष ऐकल्यावर तरी विद्यार्थ्याला आपली चूक उमगावी. विद्यार्थ्याला ती उमगली नाही. पुढच्या काळाने निकाल त्याच्या बाजूने दिला आणि अल्पतमवादाचा प्रारंभ आज याच रचनेपासून धरतात.

१९६० साली तर त्याने स्वरलेखनाच्या कागदावर दोनच स्वर लिहिले आणि ते पुष्कळ वेळ धरून ठेवावेत, एवढीच सूचना दिली. ते स्वर कोणते? पाश्चात्त्य ‘बी’ आणि त्याच्या वरचा ‘एफ शार्प’. ‘बी’ला षड्ज मानले तर ‘एफ शार्प’ हा पंचम. तंबोरा जुळवायला बसलेला आपला कोणताही विद्यार्थी ज्या दोन स्वरांनी सुरुवात करतो, नेमके ते दोन! न्यूयॉर्कच्या नव्या कलावंतांना ही मोठी क्रांती वाटली. मिरजेच्या तंबोरेवाल्याला कोणी हे सांगितले असते, तर ‘मग पुढे?’ एवढेच त्याने विचारले असते.

* * *

या ‘पुढे’चे उत्तर शोधण्यात यंगची पुढची दहा वर्षे गेली. त्याने काही सोबती जमवले. चित्रकार मेरियन झझीला ही त्यांत होती. १९६३ साली दोघांचा विवाह झाला. व्हायोलिनवर टोनी कॉनराड आणि व्हायोलावर जॉन केल हेही होते. ही मंडळी रोज तासन् तास एखाद-दोन स्वर धरून बसत. या मेळाव्याला त्यांनी नाव दिले ‘चिरंतन संगीताची रंगभूमी’.

षड्ज कुठला धरावा, हा प्रश्न या लोकांनी कसा सोडवला, ते ऐकण्यासारखे आहे. यंगच्या घरी पाळलेले कासव होते. त्याच्या पाण्याच्या टाकीला विजेची छोटी मोटर होती आणि ती अहोरात्र घूं घूं करी. अमेरिकेत घरोघरची वीज सेकंदाला ६० आवर्तने करते, आणि त्या विजेवर चालणारे प्रत्येक यंत्र त्याच कंपनाशी नाते सांगणारा नाद काढते. यंगने तोच नाद आधार धरला. सबंध शहर अखंड ज्या एका सुरात गुणगुणत आहे आणि ज्याकडे कोणाचे लक्ष नाही, तो त्याचा तंबोरा झाला. आपल्याकडे विजेची आवर्तने ५० आहेत. तेव्हा सोलापूरच्या यंत्रमागाच्या पेठेत कोणी असा षड्ज धरायचे म्हटले, तर तो थोडा खाली लागेल एवढेच. मागाच्या खटखटीत तो ऐकू येणे मात्र कठीण!

१९६०च्या दशकाच्या मध्यापासून त्याने विजेची स्वरयंत्रे वापरायला सुरुवात केली. या यंत्रांचे वैशिष्ट्य समजून घेतले पाहिजे. कोणत्याही वाद्याचा किंवा गळ्याचा स्वर हा खरे तर एकटा नसतो. त्याच्या पोटात अनेक बारीक उपस्वर असतात. व्हायोलिनचा षड्ज आणि बासरीचा षड्ज वेगळे वाटतात ते या उपस्वरांच्या कमीजास्त प्रमाणामुळे. विजेच्या यंत्रातून मात्र अंगी एकही उपस्वर नसलेला, अगदी एकेरी नाद काढता येतो, आणि तो न थकता, न हलता, दिवसच्या दिवस चालू ठेवता येतो. असे दोन-चार एकेरी नाद अचूक प्रमाणात एकत्र सोडले की खोलीत चमत्कार घडतो. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. काही जागी नाद बळावतो, काही जागी मावळतो. ऐकणाऱ्याने मान जराशी वळवली तरी स्वर बदलल्यासारखा वाटतो. वाजवणारा स्थिर, स्वर स्थिर आणि ऐकणाराच गाणे घडवतो, असा हा उलटा प्रकार.

मग तंबोऱ्याच्या तारेचे काय? तिचे गुपित नेमके उलटे आहे. तिच्या पोटात उपस्वरांचा खजिनाच असतो. तारेखालची घोडी सपाट नसते, तिला सूक्ष्म उतार असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये बारीकसा धागा सरकवून जवारी खुलवतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात या गोष्टीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या ठिकाणी ज्यांचे कंपन शून्य असते ते उपस्वर निघू नयेत, असा युरोपात ठरलेला नियम होता. तंबोऱ्याच्या तारेतून तेही निघतात, असे रामन यांना आढळले. म्हणूनच नीट लागलेल्या तंबोऱ्यात कोणीही न छेडलेला गंधार खर्जातून आपोआप ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. यंत्र एकेरी नादांची जुळणी करून जे दृश्य उभे करते, ते तंबोरा एका तारेतून उलगडून दाखवतो. वाटा दोन, पण दोन्हींनी पोचायचे ठिकाण एक, आणि ते म्हणजे ऐकणाऱ्याचा कान.

* * *

यंग या वळणावर असताना, १९६७च्या सुमारास, त्याला एका भारतीय गवयाच्या ध्वनिफिती ऐकायला मिळाल्या. ते गवई म्हणजे पंडित प्राणनाथ.

प्राणनाथांकडे जाण्यापूर्वी मिरजेला एक फेरी मारणे भाग आहे. किराणा घराण्याचे नाव आपल्याकडे सर्वतोमुखी झाले ते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे. जन्माने ते उत्तरेकडचे. पण अखेर मिरजेचे झाले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडे प्रवासात असताना सिंगापेरुमाळकोइल स्थानकावर त्यांचा अंत झाला आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते चिरनिद्रा घेत आहेत. स्वर लावावा तो खाँसाहेबांनी, असे जुने लोक म्हणत. स्वरांचे खरे स्थान काय, या प्रश्नाने त्या काळी आपल्या भागातल्या विद्वानांनाही झपाटले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स या मुलकी सेवेतल्या इंग्रज न्यायाधीशांनी त्यांच्या मताला उचलून धरले आणि बावीस श्रुतींची पेटी विलायतेत करवून घेतली. श्रुतींच्या या प्रयोगात खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य होते. १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ही पेटी पुढे आली, वाद झाले आणि भातखंड्यांसारख्या पंडितांना ती पटली नाही. निकाल काही असो. स्वर मोजण्यासाठी यंत्र करावे आणि त्याची परीक्षा मात्र गवयाच्या कानाने व्हावी, ही रीत कृष्णेच्या काठी त्याच वेळी सुरू झाली होती. यंगलाही पियानोच्या पट्ट्यांतले सोयीसाठी जुळवून घेतलेले स्वर खोटे वाटत. देवलांचा प्रश्न आणि त्याचा प्रश्न एकच होता, मध्ये फक्त पन्नास वर्षे आणि दोन समुद्र होते.

किराण्याची दुसरी मोठी शाखा अब्दुल वहीद खाँ यांची. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून ते ‘बहिरे वहीद खाँ’ म्हणून ओळखले जात. कानाने अधू असलेल्या या गवयाने स्वराच्या बारकाव्यात सगळ्यांना मागे टाकावे, हा दैवाचा खेळ म्हणायचा. विलंबित झुमऱ्यात एकेक स्वर घेऊन त्याची सावकाश बढत करण्यात त्यांचा हातखंडा होता. आपल्या हिराबाई बडोदेकरांची तालीम यांच्याकडेच झाली, आणि यांच्याच पायाशी प्राणनाथ शिकले. म्हणजे न्यूयॉर्कच्या यंगचे गुरू हे नात्याने आपल्या हिराबाईंचे गुरुबंधू. मिरजेत जन्मलेल्या हिराबाईंच्या शांत, निर्मळ स्वराची आठवण ज्यांच्या कानात आहे, त्यांना प्राणनाथ काय गात असतील याचा अदमास सहज यावा.

प्राणनाथांचा जन्म १९१८ चा, लाहोरचा. घरच्यांना गाणे पसंत नव्हते, म्हणून तेराव्या वर्षी त्यांनी घर सोडले. गुरुगृही त्यांनी आधी गडी म्हणून कामे केली आणि मग शिष्य म्हणून जागा मिळवली, असे सांगतात. पुढे ते काही काळ डेहराडूनजवळच्या टपकेश्वराच्या गुहेत विरक्तासारखे राहिले. गुरूंनीच त्यांना संसारात परत धाडले. आकाशवाणीवर ते गायले, दिल्ली विद्यापीठात त्यांनी शिकवले. पण त्यांची अतिसंथ, गंभीर गायकी मैफलीला फारशी रुचली नाही. ताना आणि तिहाया यांवर टाळ्या देणाऱ्या श्रोत्यांना अर्धा तास एका गंधारावर बसणारा गवई कसा झेपावा?

तो झेपला अमेरिकेतल्या यंगला. १९७० साली प्राणनाथ अमेरिकेस गेले. यंग आणि झझीला यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. टेरी रायली हाही त्याच सुमारास शिष्य झाला. १९६४ साली याच रायलीने त्रेपन्न छोटे स्वरतुकडे पुन्हा पुन्हा आळवण्याची एक रचना करून अल्पतमवादाला लोकप्रिय केले होते. म्हणजे तिघेही आपापल्या क्षेत्रात नाव मिळवलेले. तरी त्यांनी सा लावण्यापासून पुन्हा सुरुवात केली. १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये किराणा संगीताचे केंद्र निघाले. प्राणनाथ यंगच्या घरी राहात आणि यंग पतिपत्नी गुरुकुलाच्या रीतीने त्यांची सेवा करीत, तंबोरे जुळवीत, मागे बसून साथ करीत. १३ जून १९९६ रोजी कॅलिफोर्नियात प्राणनाथांनी देह ठेवला, तोवर हा क्रम चालला. २००२ साली वहीद खाँ यांचे पुत्र उस्ताद हफिझुल्ला खाँ यांनी यंगला ‘खाँसाहेब’ ही पदवी दिली. त्याच वर्षी यंगने आलाप गाणारा आपला मेळही सुरू केला. आयडाहोच्या ओंडक्यांच्या घरातला पोर असा किराण्याचा खाँसाहेब झाला.

* * *

यंगचे सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे ‘स्वप्नगृह’. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवरील २७५ क्रमांकाच्या इमारतीत १९९३ साली ते उघडले. त्या आधीही अशी गृहे त्याने ठिकठिकाणी उभारली होती. आत जांभळट गुलाबी प्रकाश, तो झझीलाचा, खाली गालिचा, आणि विजेच्या यंत्रातून अविरत निघणारे नाद, ते यंगचे. या रचनेचे नाव म्हणजे संख्यांची आणि प्रमाणांची लांबलचक यादीच आहे. लोक आत येतात, बसतात, लवंडतात, कोणी तास-दोन तास थांबतात. गाणे सुरू होत नाही आणि संपत नाही. जो येतो तो मध्येच येतो आणि मध्येच जातो.

ही कल्पना परदेशी समीक्षकांना अपूर्व वाटली. पंढरपूरच्या वाटेवरच्या माणसाला तितकीशी वाटू नये. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस आणि सात रात्री खाली ठेवायची नसते. एका विणेकऱ्याचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, पहिल्याच्या पाया पडतो आणि त्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो. पहाटे तीन वाजता मंडपात झोपलेल्या माणसांखेरीज कोणी नसते, तरी वीणा उभी असते आणि नाद चालू असतो. ऐकणाऱ्यासाठी संगीत, हा नियम इथे चालत नाही. नाद चालू आहे. ज्याला जमेल त्याने त्यात यावे. यंगचे स्वप्नगृह म्हणजे विजेवर चालणारा सप्ताहच म्हणायचा.

मात्र एक भेद आहे आणि तो लहान नाही. सप्ताहाची वीणा कोणा एकाची नसते. यंगची ‘चिरंतन रंगभूमी’ कोणाची, यावरून मात्र त्याचे आणि जुन्या सोबत्यांचे मोठे भांडण झाले. त्या काळच्या ध्वनिफिती यंगजवळ होत्या आणि त्या रचना आपल्या एकट्याच्या, असे त्याचे म्हणणे. कॉनराड आणि केल यांचे म्हणणे, त्या सर्वांच्या मिळून. १९९० साली यंगच्या कार्यक्रमासमोर कॉनराडने निषेधाचा फलक घेऊन उभे राहण्यापर्यंत मजल गेली, आणि २००० साली त्यांतली एक ध्वनिफीत यंगच्या संमतीवाचून बाजारात आली. अनादि-अनंत नादावर नाव कोणाचे घालावे, हा वाद ऐकून हसू येते, आणि थोडे वाईटही वाटते.

दुसरी गोष्ट त्याच्या पियानोची. १९६४ पासून त्याने पियानो स्वतःच्या प्रमाणांनी जुळवला आणि त्यावर तासन् तास वादन केले. १९८१ सालचे त्याचे एक वादन पाच तासांचे आहे. या जुळणीत त्याने दोन, तीन आणि सात या संख्यांची प्रमाणे घेतली आणि पाच ही संख्या सर्वस्वी वर्ज्य केली. पाच वर्ज्य म्हणजे पाचवा उपस्वर वर्ज्य, म्हणजेच आपला स्वयंभू गंधार वर्ज्य! पुढे तंबोऱ्याची इतकी भक्ती करणाऱ्याने तंबोऱ्याचे गोड फळच टाळले होते. त्या ठिकाणी सातच्या प्रमाणातले स्वर येतात. आपल्या कानाला ते अनोळखी, किंचित आंबटसर वाटतात. यावरून एवढे दिसते की यंगने आपली नक्कल केली नाही. एका स्वरावर बसण्याची त्याची वृत्ती मूळचीच होती. किराण्याने त्याला बसायचे कसे ते शिकवले.

आपल्या देशात असे प्रयोग झालेच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन वादकाच्या साहाय्याने विजेच्या संगीताचे दालन उघडले. त्यामागे गीता साराभाई यांची खटपट होती. १९४६ साली त्यांनी जॉन केज या संगीतकाराला न्यूयॉर्कमध्ये भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. अहमदाबादेत १९७२ पर्यंत काही तरुणांनी त्या यंत्रावर रचना केल्या. मग दालन थंडावले आणि फिती कपाटात गेल्या. पुढे पॉल परगस या संशोधक कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या.

* * *

आता शेवटचा आणि आपल्याला सर्वांत जवळचा प्रश्न. यंगने विजेचे यंत्र घेतले ते अधिक बारकाईने ऐकण्यासाठी. आपणही विजेचे यंत्र घेतले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूचे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, आणि त्यानंतर ही पेटी घरोघरी आली. आता तर खिशातल्या मोबाइलमध्येच तंबोरा असतो. सोय मोठी आहे, यात वाद नाही. साथीला माणूस मिळत नाही, गाडीत तंबोरा मावत नाही, भाड्याच्या दोन खोल्यांत ठेवायला जागा नाही. एकट्याने रियाज करणाऱ्या मुलीला या पेटीने केवढा आधार दिला आहे! तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

तरी एक गोष्ट या पेटीबरोबर निसटते. तंबोरा जुळवावा लागतो. हवा बदलली की तो उतरतो किंवा चढतो. मणी सरकवावा, खुंटी पिळावी, धागा हलवावा, पुन्हा ऐकावे. जोडीच्या दोन तारा एकजीव होईपर्यंत नवशिक्याची पंधरा-वीस मिनिटे त्यात जातात. आपल्याला वाटते, तेवढा वेळ गाण्यातून वाया गेला. वस्तुतः तीच गाण्याची पहिली तालीम. दोन तारा जवळ आल्या की त्यांच्यात एक लाट उठते. ती लाट मंदावत जाते आणि अखेर थांबते. ती थांबल्याचे ज्याला कळले, त्याला सूर कळला. पेटीतला तंबोरा आयता लागलेला येतो, म्हणून ती लाट मुलांच्या कानावर कधी पडतच नाही. न्यूयॉर्कच्या माणसाने यंत्राजवळ बसून जी लाट ऐकण्यात आयुष्य घातले, तीच आपण यंत्र आणून घराबाहेर केली.

मिरजेच्या कारागिरांची खरी अडचण हीच आहे. मानांकनाने त्यांच्या मालाचे नाव राखले जाईल. पण जवारी उघडणाऱ्या कारागिराला समोर ती पारखणारा कान लागतो. गिऱ्हाइकाला फरकच कळेनासा झाला, तर बापाने मुलाला ते काम कशासाठी शिकवावे? आणि मिरजेने मागणे थांबवले, तर मंगळवेढ्याचा शेतकरी तरी कडू भोपळ्याचे वेल कशाला जोपासेल? कोणाच्याही दुष्टाव्याने नव्हे, नुसत्या सोयीने ही साखळी तुटू शकते.

उपाय फार मोठा नाही. ज्या घरात तंबोरा आहे, त्या घरात तो दिवाळीच्या झाडलोटीत नुसता पुसून परत गवसणीत जाऊ नये. पाडव्याच्या किंवा भाऊबिजेच्या संध्याकाळी, फराळाची ताटे उचलल्यावर, तो एकदा बैठकीत यावा. जुळवता येणाऱ्या काका-मावशीने तो जुळवावा आणि मुलांनी शेजारी बसून नुसते ऐकावे. काही गायची गरज नाही. खर्जाची तार छेडल्यावर आपोआप उमटणारा गंधार कोणाला आधी ऐकू येतो, एवढी पैज लावली तरी पुरे. कानांना एकदा ती खूण पटली की मग पेटीही वापरावी, मोबाइलही वापरावा. त्यात काय कमी आहे ते त्यांचे त्यांनाच कळेल. ज्या घरात तंबोरा नाही, त्यांनी गावच्या सप्ताहात थोडा वेळ विणेकऱ्याशेजारी उभे राहावे. पहारा बदलताना वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, तेवढ्या क्षणातही तार छेडायची राहत नाही.